नवीन ऐकणाऱ्याने कुठून सुरुवात करावी

हे बघ, पाश्चात्त्य संगीत नव्याने ऐकायला लागतोयस, तर शंभर रेकॉर्डिंग्ज एकदम डाउनलोड करू नकोस, काहीच डोक्यात राहत नाही. आधी बेथोवनची पाचवी सिंफनी घे, कंडक्टर (वाद्यवृंदाचा संचालक) कार्लोस क्लायबर आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची, १९७४ ची. पहिल्या चार सुरांतच कळेल मी का सांगतोय ते.

मग बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, म्हणजे सुरुवातीच्या एका धुनेवर आधारलेल्या बदलत्या रचना. पियानोवादक ग्लेन गूल्डने ती १९५५ मध्ये वाजवली तेव्हा सगळं साधारण ३८ मिनिटांत आटपलं आणि १९८१ मध्ये तीच रचना परत रेकॉर्ड केली तर ५१ मिनिटं लागली, माणूस तोच, पियानोच वाजवतोय, पण सुरुवातीची धून दुसऱ्यांदा इतकी संथ येते की मला अजून गलबलून येतं. दोन्ही ऐकच, पाठोपाठ. रेकॉर्डिंग बदललं की काय बदलतं हे यातून जितकं कळतं तितकं वाचून कळत नाही.

ऑपेरात गायिका मारिया कॅलसची १९५३ ची 'तोस्का', दे साबाताने कंडक्ट केलेली. मोनो (स्टिरिओच्या आधीचं, एकाच चॅनेलचं रेकॉर्डिंग) आहे म्हणून सोडू नकोस प्लीज. शब्द समोर ठेवून ऐक. बॅलेसाठी चायकोव्हस्कीचं 'नटक्रॅकर', पण पूर्ण, नुसता स्वीट (suite, म्हणजे त्यातल्या निवडक तुकड्यांचा संच) नको.

जॅझमध्ये ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा १९५९ चा अल्बम 'काइंड ऑफ ब्लू', रात्री, हेडफोन लावून.