आवाज ऐकला की कळतं, चेहरा पाहून कळत नाही

प्रश्न : ताई, पारोळ्याजवळच्या गावात आमचं किराणा दुकान आहे, गल्ल्यावर मी बसते. रोजचं गिऱ्हाईकसुद्धा मला चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. "वहिनी, लिहून ठेवा," म्हणत माणूस पुडी घेऊन निघतो आणि उधारी कोणाच्या नावावर मांडायची ते मला कळत नाही. दोन वाक्यं जास्त बोलला तर आवाजावरून कळतं. कोणाची बाकी किती, हे मात्र वही न उघडता सांगते. गेल्या आखाजीला माहेरी गेले. मावसबहिणीने केस कापले होते. ती झोक्यावरून उतरून समोर आली आणि मी तिच्या शेजारून निघून गेले! सासरी 'शिष्ट' म्हणून नाव पडलंय. लहानपणापासून असंच आहे. आईचंही थोडं तसंच. बाजारात ती बाबांच्या टोपीवर नजर ठेवून चालायची. माझी स्मरणशक्ती कमी आहे का? वय ३४.

उत्तर : ज्या बाईला सगळ्या गावाची बाकी तोंडपाठ आहे, तिची स्मरणशक्ती कमी कशी असेल? नाव तुमच्या डोक्यात आहे, खातं डोक्यात आहे. समोरच्या चेहऱ्यापासून त्या नावापर्यंत जाणारी वाट मात्र सापडत नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा प्रोसोपॅग्नोशिया असावा, म्हणजे चेहरे ओळखण्यातली अडचण. १९४७ साली योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरांनी हे नाव दिलं. डोक्याला गोळी लागलेला त्यांचा एक तरुण रुग्ण घरच्यांनाच काय, आरशात स्वतःलाही ओळखत नव्हता.

हे मी घरातही पाहिलंय. धुळ्याला माझे काका पक्षाघातातून उठले. पेपर वाचत, हिशेब करत. एकदा ओट्यावर बसले होते, काकू दळण घेऊन आली. काका सरळ तिच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "कोन पाहिजे?" काकूने डबा खाली ठेवला, बांगड्या वाजल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांना डोळ्यांनी सगळं दिसत होतं. चष्म्याचा नंबर दोनदा तपासून आणला होता आम्ही.

मेंदूच्या तळाशी, कानांच्या मागच्या अंगाला, एक भाग चेहरे पाहताना इतर वस्तूंपेक्षा जास्त कामाला लागतो. बहुतेकांमध्ये उजव्या बाजूचा अधिक. नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये स्कॅनवर तो दाखवला. चेहरा आपण नाक, मग डोळे, मग हनुवटी असा सुटा सुटा वाचत नाही, एकदम अख्खा घेतो. लग्नाचा अल्बम उलटा धरून घरच्यांना दाखवा. घर, गाडी उलटी असली तरी घरचे फारसे अडणार नाहीत, चेहऱ्यांवर अडखळतील. रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्येच हे दाखवलं होतं. तुम्हाला सरळ फोटोत जे होतं, त्याची थोडी चव त्यांना त्या वेळी मिळेल.

काकांचं दुखण्यातून आलं, तुमचं जन्मापासूनचं दिसतं. असे लोक शंभरात साधारण दोन असावेत असा अंदाज आहे, आणि ते बऱ्याचदा एकाच घरात आढळतं. साध्या एमआरआयमध्ये सहसा काहीच दिसत नाही, म्हणून त्यावर पैसे घालवू नका. (ज्यांना हे मोठेपणी अचानक सुरू झालं, त्यांनी मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.) चिंपांझींमध्ये आयुष्य घालवलेल्या जेन गुडॉल यांनाही ही अडचण होती, त्यांनीच ते सांगितलं होतं.

यावर औषध नाही. पण तुमचा खरा त्रास चेहऱ्यांपेक्षा त्या 'शिष्ट' शब्दाचा आहे, असं मला पत्रावरून वाटतं. आपल्याकडे "तिने ओळखलं नाही" असं कोणी म्हणत नाही, "तिने ओळख दिली नाही" म्हणतात. ओळख द्यायला आधी ती हातात असावी लागते, हे कोणाच्या मनात येत नाही. म्हणून सांगून टाका. सासूबाईंना आधी, मग मावसबहिणीला: "चेहरा माझ्या लक्षात राहत नाही, तू आधी हाक मार." दुकानात प्रत्येकालाच "नाव सांगा, लिहिते," म्हणायची पद्धत पाडा, सगळ्यांनाच विचारलं की कोणाला लागत नाही. चाल, आवाज, चपलेचा घासा, ज्या खुणांवर तुम्ही आजवर निभावलंत त्या चांगल्याच आहेत, त्या सोडू नका.

आणि पुढच्या आखाजीला मांड्यांचं खापर चुलीवर असेल, तेव्हा आईजवळ बसा. शाळा सुटल्यावर एकसारख्या गणवेशातल्या त्या पोरींमधून ती तुम्हाला कशी शोधायची, तेवढं विचारा. मला कळवा.