रीफ टँकमधले हिरवे केस: औषधाआधी हे करून बघा

तुमचा रीफ टँक, म्हणजे कोरल असलेलं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, २०० लिटरचा, आठ महिन्यांचा. दगडांवर बोटभर लांब हिरवं शेवाळ, रविवारी ब्रशने घासलं की गुरुवारपर्यंत पुन्हा हजर. शेवाळाचं खत म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट, पण पाणी तपासायचे दोन्ही किट शून्य दाखवतात, म्हणून आता कुठलं औषध टाकू, असं विचारलंय तुम्ही.

त्या शून्यावर जाऊ नका. किट पाण्यात उरलेलं मोजते, शेवाळाने गिळलेलं नाही. पंगत उठल्यावर रिकामी पातेली बघून आज स्वयंपाकच झाला नाही म्हणावं, तसं आहे ते.

आणि टँकच्या आत ब्रश चालवणं आजपासून बंद. तुटलेले तुकडे दुसऱ्या दगडावर जाऊन रुजतात, बाकीचे कोपऱ्यात कुजून पाण्याला पुन्हा खतच देतात. जे दगड हलतात ते टँकचंच पाणी भरलेल्या बादलीत काढा, तिथे उपटा, घासा आणि ते पाणी फेकून द्या. हलत नसतील तर एका हाताने चिमटीत धरून उपटायचं, दुसऱ्या हाताने सायफनची नळी तिथेच धरायची. कंटाळवाणं काम आहे, मी सलग नऊ-दहा रविवार केलंय. हट्टी जागेवर, दगड बाहेर असतानाच, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ड्रॉपरने सोडा, कोरलला लागू देऊ नका. दोन-तीन मिनिटांनी टँकच्या पाण्यात नीट खळबळून परत ठेवा. घाईत कसंतरी खळबळलंत तर क्लीनर श्रिंपला त्रास होतो.

गोगलगायी सोडायच्या तर त्या उपटून झाल्यावर. टर्बो जातीची गोगलगाय आखूड खुंट छान चरते, पण लांब झिपऱ्यांना सहसा तोंड लावत नाही.

आता हे शेवाळ खातंय काय? तुम्ही 'आरओचं पाणी' लिहिलंय. ते स्वयंपाकघरातल्या मशीनचं असेल तर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवून बघा. घरगुती आरओत बऱ्याचदा टीडीएस कंट्रोलर असतो. पाण्याला चव राहावी म्हणून तो आरओतून न गेलेलं थोडं पाणी मुद्दाम मिसळतो. आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी, आरओनंतरही मीटरवर ७० यायचे. उन्हाळ्यात रोज तीन-चार लिटर पाणी उडतं. उडतं ते नुसतं पाणी, त्यातलं बाकी सगळं टँकमध्येच साचत जातं. आरओच्या पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) नळी जोडली, तेव्हा शून्य आलं.

खाण्याचंही तेच. फ्रोझन खाद्य वितळल्यावरचं पाणी गाळून टाका, ते टँकमध्ये ओतू नका. मुलीला गंमत वाटते म्हणून दिवसातून तीनदा खाऊ घालणं हा प्रेमळ प्रकार आहे, पण निम्मं खाद्य दगडांमागे जातं.

माझ्याकडे खरा घोळ दगडांचा निघाला. छंद सोडलेल्या एका गृहस्थाकडून जुने दगड स्वस्तात घेतले. चुनखडीचे दगड फॉस्फेट शोषून धरतात आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू सोडत बसतात. फॉस्फेट ०.२५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) होतं, जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे) लावल्यावर ०.०५ वर आलं आणि आठवड्यात पुन्हा ०.२. वैतागून मी जीएफओ दुप्पट केलं. फॉस्फेट शून्य झालं, शेवाळ पांढरं पडलं, मी खूश. तीन आठवड्यांनी वाळूवर तपकिरी शेंबडासारखे धागे, त्यांच्या टोकाला बुडबुडे. डायनोफ्लॅजेलेट, पाण्यातलं खत शून्य झालं की फोफावणारे सूक्ष्म जीव! गोगलगायी मेल्या त्या वेगळ्याच. तेव्हापासून फॉस्फेट ०.०३ ते ०.१ आणि नायट्रेट ५ ते १० मध्ये ठेवतो, शून्य करायला जात नाही.

संपमध्ये (मुख्य टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) जागा असेल तर चिटो हे गुंतवळीसारखं शेवाळ मुद्दाम वाढवा. वेगळा दिवा लावायचा, मूठभर वाढला की काढून फेकायचा. काट्याने काटा काढायचा प्रकार आहे, पण दगडांची जुनी उधारी माझ्याकडे त्यानेच फेडली. पाच महिने लागले.

मालवणहून दगड आणण्याचं मात्र डोक्यातून काढा. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि रीफ बांधणाऱ्या दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

औषधाचं शेवटी. फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध ब्रायोप्सिस नावाच्या शेवाळावर चालतं, लिटरला साधारण ५ मिलिग्रॅम, फिल्टरमधला कार्बन काढून. साध्या केसाळ शेवाळावर त्याचा भरवसा नाही. एक तंतू पांढऱ्या ताटलीत पाण्यात पसरून बघा: पिसासारख्या दोन्ही बाजूंना फांद्या असतील तर ब्रायोप्सिस. ओळखता आलं नाही तर इथे फोटो टाका, फक्त निळे दिवे बंद करून काढा. मागच्या फोटोत सगळं जांभळंच दिसतंय.