पहिला प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच नेटवर ठेवलेला शोधनिबंध) टाकण्याआधी त्यातले आकडे सॉफ्टवेअरने तपासून घ्यावा का? त्यावर कितपत भरवसा ठेवावा?

घ्याच. आणि त्यासाठी गाइडची परवानगी मागत बसू नका.

काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेत प्रोजेक्ट असिस्टंट होते. नर्सेसच्या कामाच्या ताणावरचा आमचा प्रीप्रिंट दुसऱ्या दिवशी चढवायचा होता, आणि टेबलं जुळवायचं काम माझ्याकडे होतं. दिलेली सरासरी मुळात शक्य आहे का हे पाहणाऱ्या ग्रिम चाचणीबद्दल मी तेव्हा नुकतंच वाचलं होतं. निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स यांनी ती २०१६ मध्ये मांडली. गणित शाळेतलंच आहे: उत्तरं १ ते ५ अशी पूर्णांकात असली की बेरीजही पूर्णांकच येणार, म्हणून सरासरी वाटेल ती येऊ शकत नाही.

आमच्या टेबलात २८ जणी होत्या आणि एका प्रश्नाची सरासरी होती ३.३८. नेटवरच्या ग्रिम कॅल्क्युलेटरने सांगितलं, जुळत नाही. माझा विश्वास बसेना, म्हणून हाताने करून पाहिलं. ९४ भागिले २८, ३.३६. ९५ भागिले २८, ३.३९. मधला ३.३८ येतच नाही.

रात्री मूळ फॉर्मचा गठ्ठा सोडला. दोन फॉर्मवर तो प्रश्न कोरा होता. प्रश्न असा: 'वरिष्ठांकडे तक्रार केली तर दखल घेतली जाते का?' ८८ भागिले २६, ३.३८. सरासरी बरोबर होती, २८ हा आकडा चुकला होता.

सकाळी प्रोजेक्टच्या सरांना म्हटलं, या प्रश्नाला २६ जणींनीच उत्तर दिलं अशी एक ओळ टेबलाखाली टाकू या. सर म्हणाले, "आता सॉफ्टवेअर मला शिकवणार? तुझा आपल्याच लोकांवर विश्वास नाही?" प्रीप्रिंट तसाच चढला आणि टेबलांचं काम माझ्याकडून गेलं.

बेरीज तपासणं म्हणजे अविश्वास, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. बँकेत कॅशियर आपल्यासमोर नोटा दोनदा मोजतो, त्यात कोणाचा अपमान होतो? चुका सगळ्यांच्याच होतात. मानसशास्त्राच्या आठ नियतकालिकांतले १९८५ ते २०१३ या काळातले लेख स्टॅटचेक या आकडे पडताळणाऱ्या सॉफ्टवेअरने तपासले, तेव्हा साधारण निम्म्या लेखांत किमान एक पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) शेजारच्याच आकड्यांशी जुळेना. ते सगळे लबाड होते असं कोणी म्हणणार नाही. पण ज्याने कागद चढवला त्याने उत्तर द्यायला हवं, सर असोत की आणखी कोणी.

भरवशाचं म्हणाल तर मर्यादा आहेतच. स्टॅटचेक फक्त एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) पद्धतीने लिहिलेले निकाल वाचतं, आणि वन-टेल्ड, म्हणजे फरक एकाच दिशेने शोधणारी, चाचणी असेल तर कधीकधी उगाच बोट ठेवतं. दोन दशांश स्थळांच्या सरासरीवर ग्रिम चालते ती सॅम्पल शंभरच्या आत असेपर्यंतच. आणि निष्कर्षच चुकीचा असेल तर यातलं एकही साधन ते ओळखत नाही. कोरोना विषाणूत एचआयव्हीसारखे तुकडे असल्याचा दावा करणारा भारतीय संशोधकांचा प्रीप्रिंट जानेवारी २०२० च्या अखेरीस बायोआर्काइव्ह या जीवशास्त्राच्या प्रीप्रिंटच्या साइटवर आला आणि दोन-तीन दिवसांत मागे घेतला गेला. त्यातली चूक जाणकार माणसांनी वाचून दाखवली होती. त्यामुळे सॉफ्टवेअरनंतर विषयातल्या एखाद्याला वाचायला द्याच.

आणि टेबलात प्रत्येक प्रश्नासमोर किती जणांनी उत्तर दिलं ते वेगळं लिहा. तक्रारीचा प्रश्न कोरा सोडणाऱ्या त्या दोघींना काहीतरी सांगायचं असणार. आमच्या प्रीप्रिंटमध्ये त्याचा कुठेही उल्लेख नाही.