सेफ्टी रेझरने दाढी करायला शिकतोय, पण गळ्यावर आग होते आणि लाल पुळ्या येतात. काय करू?

उलटा हात, म्हणजे केस वाढतात त्याच्या विरुद्ध दिशेनं पातं फिरवणं, बंद करा. निदान गळ्यावर तरी. घाईत असाल तर पुढचं नाही वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की व्हिडिओ बघून आधी सुलटा, मग आडवा, मग उलटा असे तीन हात मारताय. गाल ठीक राहतात, पण गळा दिवसभर चुरचुरतो आणि दुसऱ्या दिवशी जबड्याखाली बारीक पुळ्या उठतात. म्हणून विचारताय की रेझर बदलू, की पुन्हा पाच पात्यांच्या कार्ट्रिजवर, म्हणजे अख्खं डोकंच बदलायच्या रेझरवर, जाऊ. दोन्ही नको. रेझर बिचारा हात नेईल तिकडे जातो. खरखर अजिबात लागता कामा नये हा जो हट्ट आहे ना, तो तुमची कातडी सोलतोय. या हट्टाशी माझं जुनं भांडण आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आमचे मोठे काका फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. सातारा जिल्ह्यात असे काका घरटी एक सापडतात. रोज पहाटे, लाइट गेलेली असली तरी, खिडकीत आरसा टेकवून दाढी. रेझर जुना, मूठ फिरवली की डोक्याची दोन्ही झाकणं उघडतात तसला. दाढी झाली की तळहात गळ्यापासून हनुवटीकडे वर न्यायचा, आणि कुठे जरा अडला की पुन्हा साबण लावायचा. नोकरीत असताना त्याला अर्थ होता, सकाळी परेडला हनुवटीकडे बघणारं कुणीतरी होतं. निवृत्तीनंतर तो बघणारा काकांच्या अंगात आला आणि घरातल्या सगळ्या पुरुषांच्या हनुवट्या तपासायला लागला.

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी गावी हळद होती. सकाळी मी माझी दाढी उरकली होती, नेहमीसारखी: गालांवर दोन हात, गळ्यावर एकच, तोही केसांच्या वाढीच्या दिशेनं. कॉलेजात असल्यापासून सेफ्टी रेझर वापरतोय, माझ्या गळ्याला काय सोसतं ते मला माहीत होतं. संध्याकाळी पाटावर बसायच्या आधी काका आले आणि सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांनी माझ्या गळ्यावरून उलटा तळहात फिरवला.

"नवरदेव हायस का कोण? ही काय दाढी म्हणायची?"

मी म्हटलं, काका, गळ्यावर उलटं मारलं की मला पुरळ येतं.

"पुरळ पोरींना येतं."

यावर काय बोलणार? लग्नघरात मोठ्या काकांना नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि बाबा तर नजरेनंच सांगत होते की बस गुपचूप.

अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. गरम पाणी मागितलं तर गॅसवर पाहुण्यांचा चहा उकळत होता, म्हणून बोअरचं गार पाणी आलं. त्या पाण्यात साबणाला फेस धरत नाही, नुसतं पांढरं पाणी गळ्यावरून बनियनमध्ये उतरतं. पातं काकांच्या हिशेबानं नवंच, म्हणजे पंधरवडाभर चाललेलं. गाल त्यांना पसंत होते, ते सोडून दिले. हनुवटी वर धरली आणि सकाळी एकदा तासलेल्या त्याच गळ्यावर खालून वर, दाबून, दोनदा. काकांचा हात पक्का आहे, एकही काप पडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण काप पडला नाही म्हणजे इजा झाली नाही असं नसतं, हे त्यांना आजही पटत नाही.

वरून तुरटी फिरवली. तुरटी कातडी निघाली असेल तिथेच झोंबते, धड कातडीला तिचं काही वाटत नाही. माझ्या गळ्याला जबड्यापासून जबड्यापर्यंत झोंबली. ती आग थांबायच्या आत पाच सुवासिनींनी आंब्याच्या पानांनी त्यावर तेल-हळद चढवली. मे महिन्यातली रात्र, घाम, आणि दुसऱ्या दिवशी बंद गळ्याची शेरवानी, तिच्यावर निशिगंधाचा हार. लग्नाच्या झाडून सगळ्या फोटोंत माझ्या गळ्याला लाल पट्टा आहे. फोटोग्राफरनं अल्बमसाठी तो कॉम्प्युटरवर पुसला, तर गळा चेहऱ्यापेक्षा गोरा झाला. तेही जाऊ द्या. पण बायकोच्या मावशीनं भर पंगतीत सासूबाईंना विचारलं, "जावयांना नायटा आहे का गं?" हे मी या जन्मी विसरणार नाही.

काकांचं म्हणणं काय, तर हळदीची अ‍ॅलर्जी. घरात कुणाचं लग्न निघालं की ते हे नव्या सुनांना, जावयांना रंगवून सांगतात. म्हणून आज एकदा लिहूनच टाकतो. हळद माझ्या कपाळाला, गालांना, हातापायांना, पाठीला लागली होती. पुरळ आलं ते फक्त गळ्यावर, जिथे पातं उलटं फिरलं तेवढ्याच जागेत. शिवाय तीच उष्टी हळद रीतीप्रमाणे मुलीकडे गेली, बायकोला लागली, तिला काहीही झालं नाही. (हा दुसरा पुरावा जरा कच्चा आहे, अ‍ॅलर्जी ज्याची त्याला असते. पण पहिला पक्का आहे.)

आता तुमच्याकडे येतो. सुलट्या हातात केस साधारण कातडीच्या पातळीला कापला जातो. उलट्या हातात पातं त्याला आधी ओढतं आणि मग कापतं, त्यामुळे उरलेलं टोक कातडीच्या खाली जाऊन बसतं. हाताला गुळगुळीत लागतं ते याचमुळे. मग तो केस वाढायला लागला की तिरकं कापलेलं टोक बाजूच्या कातडीत घुसतं आणि काटा रुतल्यावर येते तशी सूज येते. केस कुरळे असतील तर जास्तच. तुमच्या दुसऱ्या दिवशीच्या पुळ्या बहुतेक याच. दाढी झाल्याझाल्या होणारी आग निराळी, ती दाबण्यानं आणि कोरड्या जागी पातं फिरवण्यानं होते. कार्ट्रिजमध्ये तर पहिलं पातं केस ओढून धरतं आणि मागचं कापतं, म्हणजे केस आत जाण्याची सोय कंपनीनंच करून दिलेली. तिकडे परत जाऊन पुळ्या जाणार नाहीत.

आणि सुलटा हात म्हणजे वरून खाली, हे डोक्यातून काढा. गालावर ते खरं आहे. गळ्यावर बऱ्याच जणांचे केस खालून वर वाढतात, नाहीतर कानाखालून कंठाकडे आडवे. दोन्ही बाजू सारख्या असतीलच असंही नाही. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि बोट फिरवून बघा. जिकडे बोट सरकतं तो सुलटा, जिकडे अडतं तो उलटा. मोबाइलवर गळ्याचा फोटो काढून त्यावर बाण काढून ठेवा. हसू नका, मी काढले होते. तुमच्या वर्णनावरून मला दाट शंका आहे की तुम्ही ज्याला पहिला सुलटा हात म्हणताय तोच गळ्यावर उलटा पडतोय.

कार्ट्रिजवरून आलेला माणूस दाबतोच. तिथे डोकं हलतं, कोन आपोआप सांभाळला जातो. इथे डोकं हलत नाही, कोन तुम्ही धरायचा. किंग जिलेट नावाच्या अमेरिकन गृहस्थाला १९०४ साली ज्या रेझरचं पेटंट मिळालं त्यातली युक्ती अजून बदललेली नाही: मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं पातळ पातं दोन तुकड्यांमध्ये आवळून धरायचं आणि धार जेमतेम बाहेर ठेवायची. कापायला रेझरचं स्वतःचं वजन पुरतं. मूठ खालच्या टोकाकडे हलकी धरा. डोकं गालावर सपाट टेकवा, मग मूठ हळूहळू खाली आणा, आणि केस कापल्याची कुरकुर ऐकू आली की थांबा. तो तुमचा कोन. तीस अंश वगैरे सांगतात, पण दाढी करताना कोनमापक कोण धरतो? आवाजावर जा. हात छोटे, इंचभराचे. जिथला फेस निघून गेला तिथे पुन्हा फेस लावल्याशिवाय पातं न्यायचं नाही. माझ्या मते शिकाऊ माणसाची निम्मी आग या एका सवयीनं कमी होते.

अंघोळीनंतर दाढी करा वगैरे तुम्हाला माहीत असेलच. केसाला पाणी पिऊन मऊ व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, फेस लावून लगेच सुरुवात करू नका, एवढंच. पाणी बोअरचं किंवा टँकरचं असेल तर फेसापुरतं पिण्याचं पाणी घ्या. जड पाण्यातले क्षार साबण खातात आणि तुम्हाला वाटतं क्रीम वाईट आहे.

पात्यावरून काकांशी माझा दुसरा वाद आहे. "लोखंड केसानं कधी बोथट होतं का?" असं म्हणून ते पातं काचेच्या पेल्याच्या आतून घासून पुन्हा लावतात. जुन्या लोकांची युक्ती आहे, पूर्वी पाती महाग होती, गंजायची, तेव्हा ठीक होतं. पण प्रश्न चुकीचा नाही हं. पोलाद केसापेक्षा पन्नास पट कठीण असतं, मग धार जाते कशी? २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पात्यानं केस कापून हे पाहिलं. केस कापला जाताना वाकतो, आणि धारेवर जिथे पोलाद आतून एकसारखं नसतं तिथे बारीक टवके उडतात. म्हणजे धार झिजण्याआधी दातेरी होते. असली दातेरी धार गळ्यावर उलटी, दाबून फिरवली तर काय होणार? मी हे काकांना नीट मराठीत समजावून सांगितलं. ते म्हणाले, "अमेरिकेतल्या केसांचं मला सांगू नगंस."

तेव्हा चार-पाच दाढ्या झाल्या की पातं बदला, एक पातं म्हणजे काही रुपयांचा मामला आहे. पातं टॉवेलनं पुसू नका, नुसतं झटका. फेदरसारखं फार धारदार जपानी पातं शिकताना घेऊ नका, त्याला दाबलेलं अजिबात चालत नाही. हात हलका झाला की घ्या, मग मजा येते.

गळ्यावर सध्या जे उठलंय ते बसेपर्यंत तिथे पातं लावूच नका, चार-पाच दिवस ट्रिमर चालवा. नंतर महिनाभर फक्त सुलटा एक हात. संध्याकाळपर्यंत थोडी सावली दिसेल, दिसू दे. तुरटी लावायची तर ओली फिरवून अर्ध्या मिनिटात धुऊन टाका आणि ती कुठे झोंबली ते लक्षात ठेवा, उद्या तिथे हात हलका. त्यावर साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर. झणझणीत आफ्टरशेव्ह नको. आग झाली म्हणजे जंतू मेले हा समज काकांच्या पिढीचा.

मेडिकलवाल्यानं हातात ठेवलेली खाजेची ट्यूब मात्र लावू नका. तसल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं, दोन दिवसांत गळा स्वच्छ दिसतो आणि नंतर कातडी पातळ होऊन जे भोगावं लागतं त्यापुढे हे पुरळ काहीच नाही. पुळ्यांत पू होत असेल, किंवा गोल कडा असलेले खाजरे चट्टे पसरत असतील, तर ते दाढीचं पुरळ नसेलही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. नायटा दाढीच्या जागेतही होतो, मावशींची शंका अगदीच हवेतली नव्हती.

तुमचे केस खूप कुरळे असतील तर वरचं सगळं पाळूनही पुळ्या येऊ शकतात. अशा माणसानं खुंट ठेवून ट्रिमरच वापरावा, सेफ्टी रेझरचा अट्टहास करू नये. आणि नोकरी खाकीतली असेल, रोज तुळतुळीत दाढी लागतच असेल, तर गालावर उलटा हात मारा, गळ्यावर फार तर आडवा. गळ्यापर्यंत बघणारा साहेब विरळाच.

वापरलेली पाती कचऱ्यात सुटी टाकू नका, कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात. पावडरच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला चीर पाडा आणि त्यात टाकत जा, डबा भरायला वर्षं लागतात.