पल्स स्वरूपातील आरएफ (रेडिओ वारंवारतेच्या) सिग्नलची शक्ती पॉवर मीटरवर अपेक्षेपेक्षा फार कमी का दिसते?

मीटर बहुधा बरोबरच आहे. तो सरासरी शक्ती दाखवत आहे आणि आपल्याला पल्समधील शक्ती हवी आहे. औष्णिक सेन्सर उष्णतेवरून मापन करतो, त्यामुळे पल्स चालू असतानाची आणि बंद असतानाची वेळ त्याच्या वाचनात एकत्र मिसळते. पल्सची रुंदी २ मायक्रोसेकंद आणि पुनरावृत्ती सेकंदाला ५०० वेळा असेल, तर ड्यूटी सायकल (पल्स चालू असण्याच्या वेळेचे एकूण वेळेशी प्रमाण) ०.००१ येते, मीटरवरील १ मिलिवॅटला तिने भागल्यास पल्समधील शक्ती १ वॅट, म्हणजे ३० डेसिबलने अधिक, मिळते. मात्र हा भागाकार पल्स आयताकृती असल्याचे गृहीत धरतो. माथा उतरता असेल किंवा पल्सची रुंदी बदलत असेल, तर उत्तर फसवे ठरते.

सेन्सर डायोडचा असेल तर अधिक सावध राहावे. साधारण उणे २० डीबीएमपर्यंत (डीबीएम म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती) डायोडचे आउटपुट शक्तीच्या प्रमाणात असते, परंतु त्यापुढे केवळ अखंड लहरीसाठी (न थांबता सुरू राहणाऱ्या सिग्नलसाठी) केलेली दुरुस्ती पल्सला लावल्यास सरासरीही चुकते. पल्सचा आकारच पाहायचा असेल तर पीक पॉवर सेन्सर घ्यावा, आणि त्याची व्हिडिओ बँडविड्थ (शक्तीतील बदल किती जलद टिपता येतात याची मर्यादा) पुरेशी आहे ना, हे तपासावे. ५ मेगाहर्ट्झ बँडविड्थचा सेन्सर सुमारे ७० नॅनोसेकंदांपेक्षा जलद चढ दाखवू शकत नाही.

जोडणीपूर्वी सेन्सरची सरासरी व कमाल अशा दोन्ही मर्यादा पाहून योग्य अ‍ॅटेन्युएटर (सिग्नलची शक्ती कमी करणारा घटक) लावावा, कारण सरासरी मर्यादेत असूनही एकच पल्स सेन्सर निकामी करू शकते.