सी. डी. देशमुख १९६९ साली फक्त मतं खायला उभे होते का?

प्रश्नकर्त्याने विचारलंय : "मी सीए आहे. राजकारणात, तेही विरोधी पक्षात जायचा विचार आहे. अर्थक्षेत्रातून आलेल्या माणसाचा तिथे काही उपयोग होतो का? सी. डी. देशमुखांसारखा माणूससुद्धा शेवटी १९६९ च्या राष्ट्रपती निवडणुकीत रेड्डींची मतं खायलाच उभा राहिला ना?"

पहिल्या प्रश्नाकडे नंतर येतो. दुसरं वाक्य चूक आहे. ते मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय आणि दरवेळी तीच आकडेमोड करून दाखवतोय. तुम्ही सीए आहात, ताळेबंद जुळतो का नाही ते तुम्हीच बघा.

ती निवडणूक १६ ऑगस्ट १९६९ ला झाली आणि २० ऑगस्टला मोजणी. पहिल्या पसंतीची मतं अशी : व्ही. व्ही. गिरी (अपक्ष, पण पंतप्रधान इंदिरा गांधींच्या गोटाचा कौल त्यांना) ४,०१,५१५. नीलम संजीव रेड्डी (काँग्रेसचे अधिकृत उमेदवार) ३,१३,५४८. चिंतामणराव देशमुख (जनसंघ आणि 'स्वतंत्र' नावाचा पक्ष या विरोधकांचे उमेदवार) १,१२,७६९. बाकी किरकोळ उमेदवार मिळून ८,५०५. एकूण वैध मतं ८,३६,३३७. हे मतांचं मूल्य आहे, माणसांची संख्या नव्हे. त्या वेळी एका खासदाराचं मत ५७६ चं होतं. आमदाराचं मत राज्यागणिक वेगळं : १९६१ च्या जनगणनेची लोकसंख्या भागिले विधानसभेच्या जागा, त्याला पुन्हा हजाराने भागायचं. महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९५ लाख, जागा २७०, म्हणून आपल्या आमदाराचं मत १४६. किरकोळांतल्या एका उमेदवाराला बरोबर ५७६ मतं पडली, म्हणजे एका खासदाराइतकी. आपले दलित नेते पां. ना. राजभोजही त्या यादीत होते, त्यांना ८३१.

जिंकायला निम्म्याहून एक जास्त लागतं. म्हणजे ४,१८,१६९, हाच कोटा. पहिल्या फेरीत तिथपर्यंत कुणीच पोचलं नाही. अशा वेळी तळातल्या उमेदवाराला बाद करतात, त्याच्या मतपत्रिका उघडून पुढची पसंती कुणाला आहे ते बघतात आणि पत्रिका पूर्ण मूल्यानिशी त्या उमेदवाराच्या गठ्ठ्यात टाकतात. पुढची पसंती लिहिलेलीच नसेल तर ती पत्रिका तिथेच संपते. असं एकेक करत किरकोळ उमेदवार गेले आणि शेवटी देशमुख बाद झाले. त्यांचा गठ्ठा वाटल्यावर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७.

आता वजाबाकी करा. रेड्डींची वाढ ९१,८७९. गिरींची वाढ १८,५६२. न वाटता संपलेली १०,८३३. बेरीज १,२१,२७४, आणि देशमुख अधिक किरकोळ यांची बेरीजही तेवढीच. ताळेबंद जुळला. म्हणजे वाटायला निघालेल्या दर शंभरातली जवळजवळ ७६ मतं रेड्डींकडे परत आली. मतं खाणाऱ्या उमेदवाराची मतं त्याच्याबरोबर बुडतात. इथे ती पुढे गेली, कारण या पद्धतीत पुढची पसंती लिहिलेली असेल तर ती जातातच. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने पहिली पसंती देशमुख, दुसरी रेड्डी असंच ठरवलं होतं. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा त्या दुसऱ्या पसंतीसाठीच या पक्षांच्या नेत्यांना भेटले, आणि इंदिराबाईंच्या गोटाने त्याच भेटीचं भांडवल करून सदसद्विवेकबुद्धीने मतदान करा म्हणून हाळी दिली. राष्ट्रपती निवडणुकीत पक्षादेश चालत नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

यावर नेहमी एक उत्तर येतं : "पण ती संपलेली दहा हजार मतं देशमुखांमुळेच वाया गेली." बरं, ती सगळीच्या सगळी रेड्डींना देऊन टाका. ४,१६,२६०. गिरी अजून ४,२०,०७७ वर आणि कोट्याच्या वर. रेड्डी तरीही पडतात.

दुसरं उत्तर जरा वजनदार आहे. गिरींच्या वाढीतली किरकोळांची सगळी ८,५०५ मतं वजा केली तरी किमान १०,०५७ मतं देशमुखांच्या गठ्ठ्यातून गिरींकडे गेली. ती रेड्डींना मिळाली असती तर निकाल फिरला असता, कारण फरक १४,६५० चा होता आणि त्यातली ७,३२६ मतं इकडची तिकडे झाली तरी पुरे होती. आकडा खरा आहे, निष्कर्ष चुकतो. ज्याने देशमुखांपुढे १ आणि गिरींपुढे २ लिहिलं, त्याला रेड्डींपेक्षा गिरी बरे वाटत होते. देशमुख उभे नसते तर त्याने सरळ गिरींपुढेच १ लिहिलं असतं. रेड्डींना पाडलं ते पहिल्या फेरीतच, त्यांच्याच पक्षाच्या ज्या खासदार-आमदारांनी गिरींना मत दिलं त्यांनी. ते पाप चिंतामणरावांच्या माथी मारू नये.

ते तिथे उभे राहिले कसे, हे कळायला मागे जावं लागतं. महाडजवळच्या नाते गावचा जन्म, १४ जानेवारी १८९६. मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती, केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, आयसीएसच्या परीक्षेत पहिले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात नोकरी, १९३९ ला रिझर्व्ह बँक, ऑगस्ट १९४३ ला तिचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९४४ ला ब्रेटन वुड्सच्या आंतरराष्ट्रीय चलन परिषदेत. फाळणीनंतर काही महिने ही एकच बँक दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती, तोही संसार त्यांनीच सांभाळला. १९५० ला नेहरूंनी अर्थमंत्री केलं तेव्हा ते कुठल्याच पक्षाचे नव्हते. १९५२ ला काँग्रेसच्या तिकिटावर कुलाब्यातून (आजचा रायगड जिल्हा) निवडून आले. १ जुलै १९५५ ला इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडायच्या अटीवर. १९ जानेवारी १९५६ ला वटहुकूम काढून आयुर्विम्याचा कारभार ताब्यात घेतला, त्यातून २४५ संस्था मिळून एलआयसी उभी राहिली.

आणि याच जानेवारीत, तीन दिवस आधी, १६ तारखेला, मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली होती. मुंबईत गोळीबार झाले, माणसं मेली. देशमुखांनी तेव्हाच राजीनामा देऊ केला, त्यांना थांबवलं गेलं. जूनमध्ये मुंबईतच नेहरूंनी तोच निर्णय पुन्हा जाहीर केला तेव्हा थांबण्यासारखं काही उरलं नाही. २५ जुलै १९५६ ला लोकसभेत त्यांनी निवेदन केलं. ते भावनेचं भाषण नव्हतं, हिशेबनिसाचं होतं : मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता घेतला गेला, तो कुणी आणि कोणत्या अधिकाराने घेतला, गोळीबाराची न्यायालयीन चौकशी का नाकारली, आणि यामागे महाराष्ट्राविषयीचा आकस आहे. आपल्याकडे या राजीनाम्याचा उल्लेख मराठी बाण्याचा म्हणून होतो. तो होताच. पण माझ्या मते त्यातला मोठा मुद्दा कार्यपद्धतीचा होता. ज्या निर्णयाची नोंद मंत्रिमंडळाच्या कागदावर नाही तो निर्णय मंत्रिमंडळाचा नाही, हे पंतप्रधानांना तोंडावर सांगायला लेखापरीक्षकाचा स्वभाव लागतो.

इथवर मी त्यांच्या बाजूने ठाम आहे. यापुढे नाही. त्यांची चूक १९६९ ची नव्हतीच. चूक १९५७ ची होती. संयुक्त महाराष्ट्र समितीने त्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडवली. चिंतामणराव उभे राहिले असते तर कुलाब्यातून सहज लोकसभेत गेले असते. त्याऐवजी राजीनाम्याच्या वर्षातच ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. कामं चांगली केली, वाद नाही. पण विरोधाची जागा सोडली.

त्याचा परिणाम काय झाला ते दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. डिसेंबर १९५७ ला फिरोज गांधींनी एलआयसीने उद्योगपती हरिदास मुंद्रांच्या कंपन्यांत केलेल्या शेअरखरेदीचं प्रकरण लोकसभेत काढलं. ते तर सत्ताधारी बाकावरचे. जानेवारीत न्यायमूर्ती छागलांची चौकशी नेमली गेली, मुंबईत उघड सुनावणी झाली, फेब्रुवारी १९५८ ला अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी गेले. दोन महिने. आणि १९५९ ला देशमुखांनी जाहीरपणे सांगितलं की भ्रष्टाचाराची प्रकरणं तपासायला स्वतंत्र न्यायाधिकरण नेमा, मी माहिती देतो. रिझर्व्ह बँक आणि अर्थखातं चालवलेला माणूस हे सांगत होता. नेहरूंनी न्यायाधिकरण नेमलं नाही आणि विषय तिथेच संपला, कारण ते सभागृहाबाहेर होते. बाहेरच्या माणसाच्या आरोपाला सरकारने उत्तर दिलंच पाहिजे असा नियम नाही. आतल्याच्या प्रश्नाला मंत्र्याला उभं राहावं लागतं.

१९६९ पर्यंत तेरा वर्षं गेली होती. ते ७३ वर्षांचे, मागे स्वतःचा पक्ष नाही, मतदारसंघ नाही. १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर कार्यकारी राष्ट्रपती म्हणून गिरींनी सही केली आणि दुसऱ्या दिवशी पद सोडून ते निवडणुकीच्या रिंगणात आले. त्यांच्यासमोर विरोधकांनी कोण उभा केला, तर स्टेट बँक आणि एलआयसी घडवणारा माणूस. राष्ट्रीयीकरणाच्या लाटेत, राष्ट्रीयीकरणाला विरोध असलेल्या स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर उभ्या उमेदवाराला आपलं म्हणणं मांडायला जागाच उरली नाही. तरी १,१२,७६९, म्हणजे जवळपास १९६ खासदारांइतकं मूल्य. हे काही थोडं नाही.

आता तुमचं. उपयोग होतो, पण निवडून या, किंवा वरच्या सभागृहात तरी जा. आत गेलात की दोन हत्यारं आधी शिकून घ्या. पहिलं कपात सूचना, म्हणजे खात्याच्या खर्चाची मागणी कमी करा असा प्रस्ताव. हे हत्यार फक्त खालच्या सभागृहात चालतं, कारण मागण्या तिथेच मताला येतात. धोरणालाच विरोध असेल तर मागणी १ रुपयावर आणा म्हणायचं, खर्च फुगवलाय असं वाटलं तर नेमकी रक्कम लिहून ती कमी करा म्हणायचं, आणि एखादी ठरावीक तक्रार मांडायची असेल तर १०० रुपयांची कपात सुचवायची. नवखे सदस्य इथे हमखास फसतात : ज्या खात्याची मागणी चर्चेला येणारच नाही त्यावर सूचना देतात, शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मंजूर होतात आणि मेहनत पाण्यात जाते. आधी कामकाज सल्लागार समितीने कोणती खाती चर्चेला घेतलीत ते बघा, मग लिहा.

दुसरं लोकलेखा समिती. संसदेत २२ सदस्य, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे, मुदत एक वर्ष, मंत्र्याला जागा नाही. १९६७ पासून अध्यक्ष विरोधी बाकावरचा असतो आणि पहिला मान स्वतंत्र पक्षाच्या मिनू मसानींना मिळाला. कॅगचा (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा) अहवाल वाचून सचिवाला समोर बसवून प्रश्न विचारायचे हे सीएचंच काम आहे. बैठकीआधी अहवालातला परिच्छेद आणि खात्याने त्यावर दिलेलं लेखी उत्तर शेजारी ठेवून वाचा. रक्कम, तारीख आणि मंजुरी देणारा अधिकारी, या तीनपैकी एक गोष्ट खात्याच्या उत्तरात बहुतेक वेळा गाळलेली असते. तिथून सुरुवात करा.

एक पुस्ती. वरच्या हिशेबात किरकोळांची मतं कुणाकडे गेली ते मी वेगळं काढलेलं नाही, म्हणून "किमान १०,०५७" असं लिहिलंय. आणि देशमुख उभेच नसते तर जनसंघ आणि स्वतंत्रच्या सगळ्या मतदारांनी रेड्डींना मत द्यायला मतदान केंद्र गाठलंच असतं असंही धरता येत नाही. काही घरी बसले असते. म्हणजे त्यांच्या उमेदवारीने रेड्डींचं नुकसान तर नाहीच, उलट थोडा फायदाच झाला असण्याची शक्यता जास्त.