'डिफरन्स'च्या पुढं बिटवीन, इन की ऑफ?

'डिफरन्स'च्या पुढं कधी बिटवीन, कधी इन, कधी ऑफ येतं आणि ते मुलीच्या लक्षात राहत नाही, असं तुम्ही विचारलंय. पाठ करायला लावूच नका. कोल्हापुरात शाहूपुरीच्या गूळबाजारात गुळाचे दोन रवे, म्हणजे ढेपा, समोर आहेत असं धरा. कुणाकुणात फरक? 'द डिफरन्स बिटवीन द टू'. कशात? रंगात, म्हणून 'अ डिफरन्स इन कलर'. किती? क्विंटलमागं दोनशे, म्हणून 'अ डिफरन्स ऑफ टू हंड्रेड रुपीज'. हे तीन प्रश्न आधी मराठीत विचारायला शिकवा. 'डिफरन्स ऑफ ओपिनियन' तेवढं यात बसत नाही, ते तसंच लक्षात ठेवायचं.

खरी गोची क्रियापदाची आहे. आपल्याकडं फरक असतो, तसाच पडतोही. असतो तिथं 'देअर इज', पडतो तिथं 'मेक'. पावसानं उसाच्या साखर उताऱ्यात फरक पडला, तर 'द रेन मेड अ डिफरन्स टू द रिकव्हरी'. 'मला काय फरक पडत नाही' म्हणजे 'इट मेक्स नो डिफरन्स टू मी'. इथं 'फॉल' लिहून मार्क घालवणारी पोरं दरवर्षी दिसतात, वाईट वाटतं.

दवाखान्यात आपण 'आता फरक हाय' म्हणतो, म्हणजे बरं वाटतंय. इंग्रजीत नुसतं 'देअर इज अ डिफरन्स' म्हटलं तर बदल झालाय एवढंच कळतं, दुखणं वाढलंय की उतरलंय ते नाही. तिथं सरळ 'आय फील बेटर' म्हणावं. उलट एखाद्या बाईंबद्दल 'शी मेड अ डिफरन्स' म्हटलं, की बदल चांगलाच झाला हे त्यातच आलं.

पैशातही जपून. दिवाळीच्या तोंडावर गोकुळ दूध संघाचा दूध दर फरक मिळतो, तो नुसता 'डिफरन्स' लिहिला तर बाहेरच्याला कळणार नाही. घातलेल्या दुधावर नंतर मिळणारी जादा रक्कम, अशी फोड करूनच लिहा. जुना दागिना गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, मोडून नवा घेताना वर जे पैसे मोजतो, तिथं मात्र 'पे द डिफरन्स' चपखल बसतं.

दोन माणसांत 'डिफरन्सेस' आहेत म्हटलं, की बहुतेक वेळा मतभेद समजायचे.

'डिफरंट'चं म्हणाल तर 'थ्री डिफरंट शॉप्स' म्हणजे तीन निरनिराळी दुकानं, माल एकसारखा असला तरी. त्याच्यापुढं ब्रिटिश लोक 'टू'ही लावतात, अमेरिकन 'दॅन'. परीक्षेत 'फ्रॉम'च लिहू दे, ते सगळीकडं चालतं.